वकीलबाईचं साल

वैनगंगेच्या या काठावर ब्रह्मपुरी, त्या काठावर आरमोरी, आणि पुढे जिथवर जंगल आहे तिथवर चालत जा नाहीतर जीपला लटकून जा. सुटी मागताना ज्याची मान खाली गेली नाही, उलट देणाऱ्याचीच गेली, असा माणूस तुम्हाला एकच भेटेल आणि तो आमच्या घरात वाढलेला आहे. ती आमची वकीलबाई. नात्यानं माझ्या धाकट्या बहिणीची नात, म्हणजे माझीही नातच. तिचा बाप, म्हणजे माझा भाचा, आरमोरीकडच्या एका खेड्यात तलावात मासे धरतो, आणि तलाव आटला की मजुरीला जातो. त्याच्या गावची शाळा चौथीला संपायची म्हणून ही पोरगी आमच्याकडे आली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला कारण द्यावं लागतं. मी स्वतः तिसरीत शाळा सोडली. शाळेनं मला सोडलं असं गावातले काही लोक सांगतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. हे लिहितो आहे तेही जसं बोलतो तसंच लिहितो आहे. वकीलबाईकडे तपासायला दिलं असतं, पण ती तपासायचा पगार ठरवल्याशिवाय चष्मा लावत नाही.

तिची सगळ्यात मोठी खोड म्हणजे बोटं. बोलायला लागली की ती करंगळीपासून एकेक बोट धरते आणि एकेक मुद्दा सांगते. हात दोनच, मुद्दे भरपूर. मग स्वतःची बोटं संपली की ती समोरच्या माणसाचा हात ओढून घेते आणि उरलेले मुद्दे त्याच्या बोटांवर मांडते. माझी बोटं तिनं इतकी वर्षं वापरली आहेत की कोर्टात गेली तर वहिवाटीनं ती तिच्याच नावावर होतील. मास्तरांचा हात तिनं धरलेला आहे, बँकेतल्या बाईचा धरलेला आहे. एकदा तिला पाहायला पाहुणे आले. पोराचा बाप भला माणूस, पण चहा पिता पिता बोलून गेला की लग्नानंतर पोरीनं कोर्टाच्या पायऱ्या चढू नयेत. वकीलबाई चहाचा ट्रे खाली ठेवून समोर बसली. तिची बोटं संपली, मग त्या माणसाचा उजवा हात संपला, मग डावा. निघताना त्या माणसानं दोन्ही हात खिशात घातले होते, आणि नमस्कारही त्यानं खिशातूनच केला.

सुटीचं वेड तिला लहानपणापासूनचं. सहावीत असताना वर्गाची मॉनिटर झाली. दुसरी पोरं मॉनिटर झाली की छाती फुगवून फिरतात. ही मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, फळा मी पुसतो, धूळ माह्या नाकात जाते, पोरायच्या शिव्या मीच खातो. मॉनिटरले भेटते काय?" मास्तर म्हणाले, "मान भेटते." त्यावर ही म्हणाली, "मान घरी नेऊन आजीले दाखवता येते का, सर?" त्या शनिवारपासून मॉनिटरला घंटेच्या आधी घरी सोडायची पद्धत पडली. मास्तरांची बदली झाली, पोरं बदलली, पण ती पद्धत त्या शाळेत अजून चालू आहे.

मग तिनं आमचं घर धरलं. एक दिवस माझ्या म्हातारीला म्हणाली, "आजी, तुले सुटी कवा असते?" म्हातारीला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. पण हिनं जाहीर करून टाकलं की मंगळवारी आजीला सुटी आणि मंगळवारी चूल आबाजी पाहतील. आबाजी म्हणजे मी. मी भांडलो, ओरडलो, जेवणार नाही म्हणालो. ती म्हणाली, "नोका जेवू. पन चूल तुमीच पेटवा." तेव्हा मंगळवारी मी भात टाकायला लागलो. आता सुटीत काय करायचं हे म्हातारीला ठाऊक नव्हतं. जन्मात घेतली नव्हती. ती ओसरीत पाय पसरून बसायची आणि तिथून मला सांगायची की पाणी जास्त झालं, जाळ कमी झाला, मीठ राहिलं. तिच्या सुटीच्या दिवशी मला दोन माणसांचं काम पडायचं, एक भाताचं आणि एक ऐकण्याचं. पण खरं सांगतो, तेवढ्या एका दिवशी म्हातारी हसायची कशी ते मी पहिल्यांदा पाहिलं.

चंद्रपूरला जाऊन ती कायदा शिकली आणि सनद घेऊन आली. ज्या खुंटीला माझी घोंगडी टांगलेली असते त्याच खुंटीला तिनं काळा कोट टांगला. मला इतका अभिमान वाटला की मी घोंगडी काढून दुसरीकडे टाकली. गावभर फिरून सांगितलं की आता आमच्या घरात वकील आहे, कोणाला भांडायचं असेल त्यानं भांडून घ्या. काळीपिवळी जीपवाल्यांना तर ती सनद पाहूनच घाम फुटला. त्याच्या आधीही ती त्यांना विचारायचीच, "भाऊ, बसाचं भाडं आन लटकाचं भाडं सारखं काऊन?" पण आता कोट घालून विचारायला लागली. एका ड्रायव्हरनं तिला शेवटी समोरची सीट कायमची देऊन टाकली. त्याला वाटलं वाद मिटला. वकीलबाई समोरच्या सीटवर बसून मागं लटकलेल्यांची बाजू मांडायला लागली, आणि आता तर ड्रायव्हरचा हात अगदी जवळ आला होता. "बाई, गिअर टाकू द्या मले," असं तो रडकुंडीला येऊन म्हणालेला मी ऐकलेलं आहे.

आता वकील झाली, पण वकिली कशाची करायची यावरून आमच्यात जे भांडण पेटलं ते अजून विझलेलं नाही. माझं मत पहिल्या दिवशी होतं तेच आजही आहे. वकिली करायची तर फौजदारीची. ब्रह्मपुरीच्या कोर्टात मी एका फौजदारी वकिलाला बोलताना ऐकलं आहे. काय आवाज होता. बाहेर चिंचेखाली बांधलेल्या बकऱ्या उठून उभ्या राहिल्या. वकील असावा तर असा. पण वकीलबाईला पाहिजे होते जमिनीचे आणि जंगलाचे दावे. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जंगलजमिनीचा पट्टा, वाघानं मारलेल्या गाईची भरपाई, मासे धरणाऱ्यांच्या तलावाचा ठेका, असली कामं. त्यात आवाज नाही, बकऱ्या नाहीत. नुसते कागद, अर्ज, नकाशे, आणि साहेब जाग्यावर नाहीत म्हणून परत. मी म्हणालो, "यात ओरडाले कुठी भेटते?" ती म्हणाली, "आबाजी, फौजदारीत मानूस भांडून झाल्यावर येते. जमिनीच्या कामात थो भांडाच्या आंधी येते. आंधीच वकील भेटला तं भांडनच कायले होईन?" मी म्हणालो, भांडणच झालं नाही तर वकिलानं खायचं काय. तिनं माझा हात ओढून घेतला. तो दिवस तसाच गेला.

तालुक्याला, म्हणजे ब्रह्मपुरीला, जमीन आणि जंगलाच्या कामात नाव असलेले एक मोठे वकीलसाहेब आहेत. तिनं त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून जायला सुरुवात केली. साहेब हुशार, कोणाच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुठे सरकला आहे ते कागद न पाहता सांगतील. दोन गोष्टींवर त्यांचा फार जीव. एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेली पुडी, आणि दुसरे त्यांचे बैल. शहरात ऑफिस, पण जवळच्या खेड्यात शेती, आणि सगळा गाव ट्रॅक्टरवर गेला तरी साहेबांनी लाल्या आणि मुंग्या ही जोडी विकली नाही. तशी त्यांची एक समजूतही होती, जी सगळ्याच मोठ्या वकिलांची असते. ज्युनियरला पगार नसतो, सुटी नसते, त्याला शिकायला मिळतं. ज्युनियरनं बॅग धरायची, तारीख मागायची, खर्रा घोटून आणायचा. खर्रा आणायला सांगितल्यावर वकीलबाईनं विचारलं होतं, "सर, हे कोनत्या कायद्यात येते? मंजे मले वाचून येता येईन." साहेबांनी त्या दिवसापासून खर्रा स्वतः आणला. पण बॅग तिच्याच खांद्यावर राहिली. ती बॅग मी एकदा उचलून पाहिली आहे. धानाचं पोतं उचललेल्या माणसाला विचारा, कागद त्याहून जड असतो.

दिवाळीपासून धानाच्या रोवणीपर्यंत ती अशी गेली. सकाळच्या जीपनं जायची, दिवे लागल्यावर यायची. रविवारीसुद्धा, कारण रविवारी साहेब पक्षकारांना शेतावर बोलवायचे. ऑफिसातून हातात काही यायचं नाही. जीपचं भाडं भाचा पाठवायचा, तलावाचे मासे विकून. आणि त्याच वेळी, रोवणी आटोपता आटोपता, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं नागपूरहून फोन केला. तिथं कंपन्यांची कामं करणारं एक मोठं ऑफिस होतं. महिन्याच्या महिन्याला पगार, ठरलेल्या सुट्या, थंडगार खोली. काम कंपन्यांच्या करारांचं. जागा तिच्यासाठी ठेवली होती, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं, येते की नाही.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तिले सांगा जाय म्हनून. लहाना पोरगा कॉलेजात चालला, मी दोघाईले कसा पुरू?" त्याचंही काही चूक नव्हतं. मी म्हणालो, जाऊ दे नागपूरला, पण तिथं तरी फौजदारी कर. म्हातारीनं पोहे चाळायला घेतले. आमच्या घरात कोणी दूर जायचं ठरलं की चिवडा होतो. वकीलबाईनं तो चाळणीचा आवाज ऐकला आणि माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबाजी, मले जाचं नाई. पन फुकट काम कराले पैशेवाल्याच्याच पोराले परवडते. मंग जंगलाचे दावे लढाले थेच उरतीन, जेनं जंगलात कधी पाय ठेवला नाई." आणि मग एकदम म्हणाली, "तुमचं साल कसं ठरे?"

हे साल म्हणजे काय ते सांगतो. तरुणपणी मी गावच्या पाटलाकडे सालदार होतो. सालदार म्हणजे वर्षाचा गडी. पाडव्याला मालकाच्या अंगणात बसायचं, पान-सुपारी व्हायची, आणि दोन माणसांसमोर साल ठरायचं. धान किती, धोतरं किती, पायात जोडा, अंगावर घोंगडी. आणि सुट्या. पोळा, दिवाळी, आणि मंडईचा एक दिवस. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी भरते ती जत्रा, जिच्यासाठी झाडीपट्टीतला माणूस मरण पुढं ढकलेल. हे सगळं आधी ठरायचं, आणि ठरलं की मालकालाही मोडता यायचं नाही. मी हे सांगत होतो आणि वकीलबाईचे डोळे मोठे मोठे होत होते. शेवटी ती उठून अंगणात फेऱ्या मारायला लागली. "मंजे तुमाले सुटी होती, आबाजी. चौथी न शिकता सुटी होती."

"तिसरी," मी म्हणालो.

"तिसरी. आन मी सनद घेऊन बिनसुटीची." ती इतकी हसली की म्हातारीनं पोहे चाळायचे थांबवले.

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेली. मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. साहेबांनी मला खुर्ची दिली, ती मी घेतली. वकीलबाई उभीच राहिली आणि तिनं पाडव्याला मालकासमोर बोलावं तसं बोलायला सुरुवात केली. नागपूरचं बोलावणं आधी सांगितलं, मग मागण्या. महिन्याचा पगार. रविवारची सुटी, पोळ्याची सुटी, मंडईची सुटी. आणि जंगलाच्या फायली पहिल्या अर्जापासून निकालापर्यंत तिच्या हातात, नुसती बॅग नाही. साहेबांना हसू आवरेना. "पोरी, तू काय सालदार आहेस का?"

"नाई सर. सालदाराले भेटते."

"अगं, माझ्या सीनियरनं मला चहासुद्धा पाजला नाही."

"मंग तवा तुमाले बरं वाटलं होतं का, सर?"

साहेबांनी खर्र्याची पुडी सोडली. मग म्हणाले, ज्युनियर शिकतो, शिकण्याचा कोणी पगार देतो का. आता तिची बोटं संपली होती. तिनं टेबलावरचा साहेबांचा हात ओढून घेतला. "सर, तुमचा मुंग्या गोऱ्हा होता तवा जू धराले शिकला का नाई? शिकत होता तवा तुमी त्याले तनीस टाकत होते का नाई? का म्हनत होते, शिकून घे बाबू, मंग खा?" मी खुर्चीत सरळ बसलो. फौजदारीला शोभेल असं वाक्य होतं. पण साहेबांनी हात सोडवून घेतला आणि त्यांचा आवाज बदलला. "नागपूरला बोलावलंय म्हणतेस ना? सगळं तिथं मिळतं ना? मग जा. मी कोणाला धरून ठेवत नाही."

वकीलबाईच्या हातात मुद्दा नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. परत येताना ती जीपमध्ये समोर बसली नाही, मागं माझ्याजवळ येऊन बसली. ड्रायव्हरनं दोनदा वळून पाहिलं. शेवटी न राहवून तो म्हणाला, "बाई, आज लटकेल लोकायचं काई नाई का?" त्यानं गुपचूप दोन लटकलेल्यांना आत घेतलं. घरी चिवडा डब्यात भरून झाला होता. पोळा जवळ आला होता.

पोळा रविवारी नसतो की बुधवारी नसतो, तो अमावस्येला असतो, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलून निघालेला असतो. त्याला कोमट पाण्यानं शेक द्यायचा, हळद-तूप चोळायचं, आणि हात जोडून बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन म्हणजे आमंत्रण. त्या दिवशी दुपारी वकीलबाई खुंटीवरचा कोट काढून अंगात घालून समोर उभी राहिली. "चला, आबाजी."

"कुठी?"

"सरच्या शेतावर. आज खांद शेकतात ना."

मी नाही म्हणालो. ज्यानं आपल्याला जा म्हटलं त्याच्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नव्हतो. तिनं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं माझी टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली.

साहेबांच्या अंगणात लाल्या आणि मुंग्या धुऊन उभे केले होते. साहेब बनियनवर होते, लुंगी वर खोचलेली, आणि मुंग्याच्या खांद्यावर असा हात फिरवत होते की पाहणाऱ्याचा जीव थंड व्हावा. त्यांच्या मंडळी, घरच्या बाई, पळसाच्या पानावर हळद-तूप घेऊन उभ्या होत्या. वकीलबाई सरळ चालत गेली आणि मुंग्याच्या पलीकडे, रांगेत तिसरी, उभी राहिली. काळ्या कोटात. हात खाली सोडून. माझी मान शरमेनं खाली जायला पाहिजे होती, पण गेली नाही, का ते मला आजही सांगता येत नाही.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"काई नाई सर. या बैलायचं झालं की माह्या खांद्यालेबी लावा."

साहेब रागवायच्या बेतात होते, पण त्यांच्या बाई पान हातात घेऊन तिच्याजवळ गेल्या. त्यांनी तिच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, मग हात लावून पाहिलं. कोटाचा तेवढाच भाग घासून घासून गुळगुळीत झाला होता, काळ्याचा राखाडी झाला होता, आणि शिवण उसवत आली होती. बॅगेचा पट्टा तिथंच बसायचा. बाई साहेबांना म्हणाल्या, "आवो, इकडं या. मुंग्याचा खांदा रोज पाहता. हा कधी पाह्यला?" साहेब आले. त्यांनी पाहिलं. बैलाचा खांदा ओळखणारा माणूस, त्याला काय सांगायचं असतं. बाईंनी दोन बोटांनी हळद-तूप उचललं आणि त्या कोटाच्या खांद्यावर चोळलं, पिवळाजर्द डाग पडेपर्यंत. आणि अगदी गंभीरपणे हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

साहेब बराच वेळ मुंग्याची पाठ थोपटत राहिले. मग त्याच्याकडे पाहतच म्हणाले, "परवा ऑफिसात ये. पगाराचं पाहू."

"परवा नाई, सर. परवा मले नागपूरले सांगाचं हाय. साल अंगनात ठरते. दोघांसमोर."

"दोघं कोण?"

"एक काकू. एक आबाजी."

आणि साल ठरलं. अंगणात, बैलांसमोर, माझ्या डोळ्यांदेखत. पगार नागपूरइतका नाही, पण महिन्याच्या महिन्याला. रविवार तिचा. पोळा तिचा. मंडईचा दिवस तिचा. जंगलाच्या फायली तिच्या. साहेबांनी शेवटी एकदा खडा टाकून पाहिला, "आणि खर्रा?" ती नाही म्हणाली. बाईंनी पान-सुपारी आणली. मी साहेबांना म्हणालो, हिला थोडी फौजदारीही शिकवा. ते म्हणाले, "आजोबा, हिला अजून फौजदारी शिकवायची राहिली आहे का?"

त्या हळदीचा डाग तिनं धुतला नाही. तोच कोट घालून ती कोर्टात जाते. मॅजिस्ट्रेटनं एकदा विचारलं म्हणे, तर तिनं सांगितलं, "पगाराचा हाय, साहेब." आणि गंमत अशी की दिवाळीपर्यंत कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत दुसरे ज्युनियरही आपापल्या साहेबांना विचारायला लागले, आमचं साल काय, मंडईची सुटी आहे की नाही. दोन-चार मोठे वकील मला रस्त्यात भेटतात तेव्हा नमस्कार घेत नाहीत. त्यांना वाटतं हे खूळ मी भरवलं. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

एवढं सगळं मनासारखं झालं, आता रडगाणं कशाचं, असं तुम्ही म्हणाल. रडगाणं नाहीच. फायली वाढल्या, लांबलांबच्या खेड्यांतून लोक पहाटेच येऊन बसायला लागले, तेव्हा तिनं ब्रह्मपुरीलाच खोली घेतली. आता ती रविवारी येते. रविवार ठरलेला आहे, तो साहेबांनाही मोडता येत नाही. पण सुटी ठरली म्हणजे बाकीचे दिवस ती इथं नाही हेही ठरलं, हे साल ठरवताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मंगळवारी मी भात टाकतो, म्हातारी ओसरीतून सांगते की पाणी जास्त झालं. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारं कोणी नसलं की घरात किती कमी बोलणं होतं. खुंटी रिकामी आहे. घोंगडी मी परत तिथं टांगली नाही.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी धुऱ्यावर बसलो होतो. वाट पाहत नव्हतो, वारा चांगला होता म्हणून बसलो होतो. जीप थांबली, समोरच्या सीटवरून ती उतरली आणि ड्रायव्हर हात चोळत निघून गेला. घरी आल्यावर तिनं पिशवीतून पळसाचं पान काढलं, त्यात हळद-तूप. "शर्ट काढा, आबाजी."

"मी काय बैल हाय?"

"सालदार होते ना. पाटलाकडे पोळ्याची सुटी भेटे. खांद कोनी शेकली?"

मी तिला खूप बोललो. असली थट्टा म्हाताऱ्या माणसाची करू नये, बैल विकूनही किती वर्षं झाली, वगैरे. बोलता बोलता शर्ट काढला. तिनं कोमट पाण्याचं फडकं ठेवलं, मग हळद-तूप चोळलं. माझ्या डाव्या खांद्यावर जुन्या कामाचा एक घट्टा पडलेला आहे, तिथं तिचा हात जरा जास्त वेळ थांबला. एकदाही तिनं बोटांवर मुद्दा मोजला नाही. मग समोर येऊन उभी राहिली, हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. खरंच या, आबाजी. माह्या खोलीवर. माही सुटी हाय, माहा पगार हाय. आजीलेबी घेऊन या."

पोळ्याच्या दिवशी आमची चूल कधी बंद राहिलेली नाही. मी काही बोललो नाही. बैलही बोलत नाही. ती शेवटच्या जीपनं परत गेली, सकाळी तिला पुरणाची डाळ शिजवायची होती. म्हातारीनं पेटीतलं चांगलं लुगडं काढून दोरीवर पसरलं, त्याच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्या आपल्याले सुटी हाय मंजे."

"हाय," मी म्हणालो.